पालथा ठेवलेला फोन

मी बोलतोय, एक जुना मोबाइल फोन. माझ्या मालकाला माझा आवाज कधी ऐकूच आला नाही. तुम्ही तरी ऐका.

माझा मालक खमीस. महदिया या समुद्रकाठच्या शहरात, जुन्या वस्तीत, बंदराकडून वर चढणाऱ्या गल्लीत त्याचं घर. खाली हातमागाची खोली, वर राहायची. नवरीच्या अंगावर घालायच्या रेशमी शाली तो विणतो. विणायचा, असं म्हणायला हवं. खमीस जन्मापासून बहिरा, म्हणून मुकाही. शाळेत कधी गेला नाही. आकडे ओळखतो, स्वतःचं नाव गिरवतो. बाकी अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी मुंग्यांची रांग.

पण तो अबोल होता असं कोणी म्हटलं तर मला हसू येईल. त्याची बायको शादलिया चांगली बोलती-ऐकती होती. लग्नानंतर त्या दोघांनी मिळून हातांची एक भाषा रचली. कुठल्या शाळेतली नव्हे, त्या घरातली. दोन्ही तळवे पोटापासून वर उचलले की समुद्र खवळलाय. नाकाच्या शेंड्यावर दोनदा बोट आपटलं की शेजारीण मबरूका आली, कारण कुणाच्या घरात काय शिजतंय ते तिला आधी कळतं. त्यांची मुलगी सोन्दस आईशी तोंडाने आणि बापाशी हातांनी बोलतच मोठी झाली. खमीस एकदा सुरू झाला की त्याला थांबवायला ती त्याची मनगटं धरायची.

मला विकत घेतलं ते सोन्दसने, नर्सिंगचं शिक्षण संपत आलं तेव्हा. तेव्हा मी दुकानातला सगळ्यात चलाख फोन होतो. कारखान्याकडून मला अधूनमधून शिकवणी यायची. अपडेट म्हणतात तिला. सोन्दस मला चार्जिंगला लावून चहा करायला जायची आणि ती परत येईपर्यंत मी थोडा शहाणा झालेला असायचो. कुठे कडी नीट लावायला हवी, कुठल्या नव्या अॅपशी कसं वागायचं, सगळं मला घरबसल्या समजायचं. मला वाटायचं, हे असंच चालतं. लेकराला घरचे विसरत नाहीत.

मग एक हिवाळा आला आणि शादलिया गेली. समुद्राकाठच्या पांढऱ्या थडग्यांमध्ये तिलाही जागा मिळाली. त्यानंतर सोन्दसला फ्रान्समधल्या लियों शहराच्या इस्पितळात नोकरी लागली. जाताना तिने मला बापाच्या हातात दिलं. मागाच्या खांबाला तिने लाकडाची एक छोटी फळी ठोकली, खमीसच्या डोळ्यांच्या उंचीवर. मला तिथे उभं केलं, म्हणजे बापाचे दोन्ही हात मोकळे राहतील.

त्या फळीवर माझे चांगले दिवस गेले. संध्याकाळी मी थरथरलो की खमीस धोटा खाली ठेवायचा, हात पुसायचा आणि हिरवं बटण दाबायचा. पलीकडे सोन्दस ताटली घेऊन बसलेली. दोघांचे हात चालू व्हायचे. खोलीत आवाज म्हणून काही नसायचा. इतर फोन कानांसाठी असतात. या घरात मी खिडकी होतो.

दरम्यान माझी शिकवणी बंद पडली. कुणी निरोप घेतला नाही, कारण सांगितलं नाही. एकदा माझं डोकं गरम होऊन मी बंद पडलो, तेव्हा मबरूकाने खमीसला आणि मला वेशीजवळच्या वहीदच्या दुकानात नेलं. वहीदने मला उलटसुलट पाहिलं.

“मावशी, याला आता नवं काही येत नाही. कंपनीने हात वर केलेत.”

“म्हणजे मेला का?”

“मेला नाही. जोवर चालतोय तोवर चालेल.”

“हे तर माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरही सांगतो,” मबरूका म्हणाली, आणि खमीसकडे वळून तिने अंगठा वर केला. ठीक आहे. एवढंच त्याला कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या पडद्यावर एक चौकट येऊ लागली. ज्या अॅपवरून बापलेक बोलत, त्याची ती सूचना होती. फ्रेंचमध्ये लिहिलं होतं की अमुक दिवसानंतर आम्ही एवढ्या जुन्या फोनवर चालणार नाही, तरी फोन बदलावा. खमीसला मुंग्या दिसल्या. कोपऱ्यातली फुली मात्र त्याला ठाऊक होती. तो फुली दाबायचा, चौकट जायची, सोन्दस यायची. आठवड्याभराने पुन्हा चौकट, पुन्हा फुली.

शरद ऋतूत ते भांडण झालं.

सोन्दस सुट्टीवर येऊन गेली होती आणि बापाला धापा टाकताना तिने पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ती समोर आली तीच हात उगारून. ‘माग विकून टाक. इकडे ये. तुझी खोली तयार आहे.’

‘तुझी आई इथे आहे,’ खमीसचे हात म्हणाले.

‘आई थडग्यात आहे. तू पडलास तर कळणार कुणाला? तुला तर हाकही मारता येत नाही.’

हे शेवटचं तिने फार झटकन केलं. करून झाल्यावर तिचे हात हवेतच थांबले. खमीसने तिच्याकडे पाहिलं, मला फळीवरून उचललं आणि मागाच्या बाकावर पालथं ठेवलं. तोंडाने भांडणारी माणसं दार आपटतात. हातांनी बोलणारा माणूस नजर काढून घेतो. त्याहून मोठा अपमान त्या घरात नव्हता. लाकडाला तोंड लावून मी पडून होतो आणि ती पलीकडून कितीतरी वेळ हात हलवत होती.

सूचनेतला तो दिवस त्याच आठवड्यात उजाडला.

दोन दिवस खमीसने मला शिवलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा राग उतरला. त्याने मला फळीवर ठेवलं, दाढीवरून हात फिरवला, टोपी नीट केली आणि हिरव्या खुणेवर बोट टेकवलं. सोन्दस आली नाही. आली ती चौकट, आणि या खेपेला तिला फुली नव्हती. खमीसने सगळीकडे बोट दाबून पाहिलं. चौकट ढिम्म. मग त्याने हात मांडीवर ठेवले आणि तो समजायचं ते समजला. पोरीने दार लावलं.

तिकडे सोन्दसलाही तसंच दिसत असणार. तिचे निरोप माझ्यापर्यंत पोहोचत नव्हते. बापाने अॅप शेवटचं उघडलं ते त्या भांडणाच्या संध्याकाळी, एवढंच तिला दिसायचं.

तिने साधा फोनही लावला. मी थरथरलो, माझ्यावर तिचा फोटो उमटला. खमीस धडपडत उठला, हिरवं बटण दाबलं आणि मला तोंडासमोर धरून वाट पाहत राहिला. चित्र येईना. माझ्या पोटातून मात्र तिचा आवाज येत होता.

“बाबा, तुला ऐकू येत नाही ते ठाऊक आहे, पण फोन तर उचललास. मग चित्रावर का येत नाहीस? कुणी आहे का तिथे? मबरूकामावशी?”

तिला खमीसचा श्वास ऐकू येत होता. त्याला माझी काळी काच दिसत होती. ती आहे, पण तोंड दाखवत नाही, असं त्याने मानलं. बाबा आहे, पण मुद्दाम चित्रावर येत नाही, असं तिने मानलं असावं. मला दोन्ही बाजू कळत होत्या आणि त्यातली एकही मला सांगता येत नव्हती. खमीसने लाल बटण दाबलं. पुढे तिचा फोटो उमटला तरी तो बघायचा आणि विणत राहायचा.

सोन्दसने मबरूकाला गाठलं. मबरूकाकडे बटणांचा साधा फोन. ती तो मोठ्या आवाजावर लावून थेट मागाच्या खोलीत आली. खमीस पाठमोरा विणत होता.

“तुझा बाप बरा आहे गं,” ती म्हणाली. “काल बंदरावर सार्डिन मासे घेत होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, एवढं नाक वर.”

“त्याला विचार ना मावशी, माझ्याशी का बोलत नाही.”

मबरूकाने खमीसच्या खांद्याला हात लावला. माझ्याकडे बोट केलं, मग लांब उत्तरेकडे केलं, मग प्रश्नार्थक मान हलवली. खमीसने मला पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि तो तळवा बाहेरच्या बाजूला झटकून टाकला. त्यांच्या घरच्या भाषेत याचा अर्थ होता, ‘तिने मला टाकलं.’ शादलिया असती तर लगेच कळलं असतं. मबरूकाने आपल्या परीने अर्थ लावला.

“तो म्हणतो, मला ती नको.”

मग सोन्दस म्हणाली, “बरं. त्याला जेवायला देत जा, मावशी.”

तिचा आवाज त्याच खोलीत घुमत होता. बाप चार हात अंतरावर बसला होता. धोटा इकडून तिकडे जात होता.

हिवाळा असाच गेला. खमीस संध्याकाळी हात पुसायचा, तेवढं मात्र सुटलं नाही. मग काही वेळ नुसता बसायचा. त्याने मला फळीवरून काढलं नाही आणि चार्जिंगही चुकवलं नाही. शालींची कामं कमी झाली. रमजान लागला. मबरूका रोज सूप आणि एखादं ब्रिक, म्हणजे अंडं भरून तळलेली पातळ पोळी, आणून ठेवायची, अर्धं तसंच परत जायचं. एकट्याने जेवताना त्याचे हात अधूनमधून काहीतरी बोलायचे, समोर कुणी नसताना. मीच ते पाहिलं.

ईदच्या आदल्या दुपारी माग थांबला. धाग्यात अडकून थांबतो तसा नव्हे, अर्ध्या फेऱ्यात. खमीस बाकावरून एका अंगावर घसरला. माझा पडदा उजळलेला होता, पण माझ्याकडून कुणाला हाक जाणार? शेवटी मबरूकाच आली. भिंतीपलीकडची ठकठक बंद झाली म्हणून भांडायच्या तयारीने आली होती. “ईदच्या तोंडावर शाल अर्धी टाकलीस होय रे?” असं बोलतच ती आत शिरली आणि त्याला पाहताच गल्लीतल्या लोकांना हाका मारत बाहेर धावली.

त्याचं उजवं अंग गेलं.

सोन्दस विमानाने आली. इस्पितळातून घरी कपडे न्यायला आली तेव्हा तिने मला फळीवरून उचललं. का उचललं कोण जाणे, बापाच्या हातातली वस्तू म्हणून असेल. तिने अॅप उघडलं. चौकट आली. तिने वाचली. पुन्हा वाचली. मग ती मला घेऊन तशीच उठली आणि वहीदच्या दुकानात गेली.

“हे कधीपासून?”

वहीदने पाहून सांगितलं. “गेल्या शरदात. खूप जणांचे असे बंद पडले, ताई. मी सगळ्यांना सांगतो की नवा घ्या. खमीसकाका नंतर आलेच नाहीत दुकानात.”

“त्याला वाचता येत नाही.”

“हो ना,” वहीद म्हणाला आणि त्याने मला हळूच तिच्या हातात परत दिलं.

खमीसला घरी आणलं तेव्हा गल्लीत उकडायला लागलं होतं. त्याला खालीच, मागाजवळ खाट घातली. उजवा हात उशीवर ठेवलेला, तो कुणाचा तरी विसरलेला असावा तसा. डाव्या हाताने तो बोलायचा प्रयत्न करी. पण त्या घरची जवळजवळ सगळी भाषा दोन हातांची होती. अर्धाच शब्द हवेत उभा राहायचा. सोन्दस खाटेच्या कडेला बसायची, तो अर्धा शब्द बघायची आणि आपला हात दुसऱ्या बाजूने लावून बघायची. चुकलं की तो डोळे मिटायचा. जुळलं की उघडे ठेवायचा. ‘पाणी’ लवकर जुळलं. ‘तू जेवलीस का’ जुळायला सगळी सकाळ गेली.

मग एक दिवस तिने त्याला खरं काय झालं ते सांगायचं ठरवलं. अपडेट या शब्दाला त्या भाषेत खूण नव्हती. शादलियाला ती कधी लागलीच नव्हती. सोन्दसने मला बापासमोर धरलं, आपला नवा फोन शेजारी धरला. माझ्याकडे बोट करून म्हातारा माणूस केला, कमरेत वाकलेला. मग दोघांच्या मधे आडवा हात धरला. दार. ‘दार बंद झालं. तू नाही लावलंस. मीही नाही लावलं.’

खमीसने माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा डावा हात हळूच उठला. ‘मग कोणी?’

सोन्दसने दूर कुठेतरी बोट केलं. खांदे उडवले. ‘कुणीतरी. लांब. तुला ओळखत नाहीत ते.’

त्याने पुन्हा हात उचलला. शब्द अर्धा होता. तिने आपला हात लावून पाहिला, चुकला. दुसऱ्या तऱ्हेने लावला, तोही चुकला. तिसऱ्या वेळी जुळला आणि तिने तोंड ओढणीत लपवलं. मला तो शब्द दिसला होता.

‘मी त्यांचं काय बिघडवलं होतं?’

सोन्दसने तिकडची नोकरी सोडली. ती आता इथल्याच दवाखान्यात जाते. दिवसा मबरूका खमीसजवळ बसते आणि तिने डाव्या हाताच्या काही खुणा शिकून घेतल्यात, बऱ्याचशा चुकीच्या. माग कापडाने झाकलाय. अर्धी राहिलेली शाल नवरीकडची माणसं सोडवून घेऊन गेली, दुसऱ्या कुणीतरी पुरी करून दिली असेल.

नवा फोन आलाय. तो खाटेला बांधलाय, सोन्दस दवाखान्यातून मधेच तोंड दाखवते. माझ्यातले फोटो त्याच्यात गेले. माझी बॅटरी फुगून पाठ उचलली गेलीय. वहीद म्हणाला, घरात ठेवू नका, आग लागेल. मी सध्या बाहेर, पायरीवरच्या पत्र्याच्या डब्यात आहे. जुनं सामान गोळा करणारा या गल्लीत कधी फिरकेल त्याचा नेम नाही.

मला कशाचा हिशेब मागायचा नाही. जुनं झालं की मागे पडायचं, हे माझ्याही नशिबी होतंच. एवढंच म्हणतो की, जे दार लांबून लावतात त्यांनी लावण्याआधी एकदा आत कोण बसलंय ते पाहावं. आणि कुणाचे फोन यायचे थांबले तर राग धरण्याआधी उठून त्याच्या घरी जाऊन यावं.

आत मबरूका काहीतरी बडबडतेय. खमीसला ती ऐकू येत नाही. माझं चार्जिंग संपत आलंय.