मागच्या स्पीकरमधल्या अक्का

कुंदनभाऊंनी सिनेमा काढला होता की स्वतःची वरात, हे वृषालीला शेवटपर्यंत कळलं नाही. भुसावळच्या तिच्या दोन खोल्यांच्या साउंड स्टुडिओत ते तीन दिवस खुर्चीमागे उभे राहून फर्मानं सोडत होते. हिरोचा आवाज समोरच्या स्पीकरमधून हवा, ट्रॅक्टर डावीकडून उजवीकडे जायला हवा, विजा मागून कडाडायला हव्यात. तिथवर तिने सोसलं. मग गाणं आलं, श्रावणात खानदेशात घरोघर बसते त्या कानबाई देवीचं.

ते गायलं होतं शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या द्रौपदाबाईंनी, सगळ्यांच्या अक्कांनी. वृषाली स्वतः रेकॉर्डिंगला त्यांच्या घरी गेली होती. भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, शेजाऱ्यांची शेळी पार दुसऱ्या गल्लीत नेऊन बांधली. अक्का घामाने निथळत एका दमात गायल्या. निघताना वृषालीने त्यांचा हात धरून सांगितलं, "थेटरात शेवटच्या माणसापर्यंत पोचेल तुमचा आवाज."

"म्हातारीचा आवाज फाटका आहे," कुंदनभाऊ म्हणाले. "मी मुंबईच्या बाईंकडून गाऊन आणलंय. ते पुढे घ्या."

"भाऊ, त्यांनी कानबाई कधी पाहिली तरी आहे का? शब्द कसे चावलेत, ऐका!"

"गोड वाटतं ना? मग झालं. अक्कांना मागे टाका, नाहीतर काढूनच टाका."

वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काढण्यापेक्षा मागे बरं, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि तिथेच माती खाल्ली. स्क्रीनवर एक चौकोन होता, त्यात एक ठिपका. ठिपका न्यावा तिकडून आवाज येतो. तिने तो माऊसने ओढत पार मागच्या भिंतीला नेऊन टेकवला आणि आवाज निम्म्यावर उतरवला. दोन सेकंदांचं काम.

पहिला खेळ धुळ्याला होता. अक्का नवं लुगडं नेसून, अख्खी गल्ली घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. गाणं सुरू झालं. समोरून भलताच गळा गोड गोड गाऊ लागला. अक्का थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी मान वळवली. उठल्या, मधल्या वाटेने सरळ मागे गेल्या आणि भिंतीवरच्या स्पीकरखाली कान लावून उभ्या राहिल्या. गल्लीतल्या बायकाही एकेक करून त्यांच्यामागे गेल्या.

"ओ अक्का, खाली बसा! लोकांना दिसत नाही!" कुंदनभाऊ ओरडले.

वृषालीचा तोल सुटला. "जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! त्यांच्या गाण्यावर सिनेमा उभा केलात आणि त्यांनाच भिंतीला लावलंत?" भर थेटरात तिने त्यांची सालटी काढली. लोक पडदा सोडून तिच्याकडे बघू लागले. अंगातला राग थोडा निवल्यासारखं वाटलं, तेव्हा ती अक्कांपाशी गेली.

गाणं संपलं होतं. अक्का स्पीकरखालून तिच्याकडे वळल्या.

"मन्हा आवाज भितडाले ऐकाडाकरता लई गयथी का वं?"

"भिंतीला ऐकवायला नाही हो नेला, अक्का! माझ्या मनात नव्हतं. या माणसाने सांगितलं मागे टाका, म्हणून..."

अक्कांनी कुंदनभाऊंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्यानी सांगं, नि तू करं?"