वंदनाच्या खोलीतली हवा

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी हात धुतलेत ना? आता खरं तर न धुतले तरी काही बिघडत नाही, पण जुनी सवय सुटत नाही. तुमच्या वर्गात या हातातून त्या हातात फिरते आहे ती मी एक जुनी पोलादी नळी. लांबीला मधल्या बोटाएवढी, जाडीला पेन्सिलीएवढी. अंगावर ४१७ हा आकडा कोरला आहे. हिमानी मॅडमनी मला डबीतून काढलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी "एवढीच?" म्हणालं, ते मी ऐकलं. मला राग आला नाही. पहिल्यांदा पाहणारे सगळे हेच म्हणतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोलादाची लांब कांडी कापून तिचे सारखे तुकडे केले, त्यांतला एक मी. पोटात खसखशीसारखे बारीक दाणे भरले, ते सांडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना जाळी बसवली आणि वरून पितळी झाकणं घट्ट लावली. माझी सगळी किंमत त्या दाण्यांत आहे. हवेत कितीतरी द्रव्यं इतकी थोडी असतात की नाकाला कळत नाहीत आणि यंत्रालाही एकदम सापडत नाहीत. हवा माझ्यातून जाऊ लागली की ती थोडीथोडी करून माझ्या दाण्यांना चिकटतात. हवा पुढे जाते, ती मागे राहतात. तुमच्या घरी ताक घुसळतात ना? डेराभर ताकातलं लोणी शेवटी एका वाटीत येतं. माझंही काम तेच, फक्त मला रवी लागत नाही.

मग प्रयोगशाळेतल्या यंत्रात बसवून मला चांगलं तापवतात. तापलं की दाणे धरून ठेवलेलं सगळं एकदम सोडून देतात. यंत्र त्यातलं एकेक ओळखतं आणि कागदावर वरखाली जाणारी रेघ काढतं. त्या रेघेवरून कळतं, हवेत काय होतं आणि किती होतं. एकदा तापवलं की मी पुन्हा कोरी. पोटात आधी काय होतं त्याचा मागमूस राहत नाही. पण एका घरची हवा काही माझ्या मनातून गेली नाही, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बुलढाण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हिमानी मॅडमच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलं. वीटभट्टीच्या धुराजवळ उभी राहिले, रंगाच्या दुकानात टांगून घेतलं, सरकीचं तेल काढणाऱ्या कारखान्याच्या दारात दिवस काढला. सोबत जेवणाच्या डब्याएवढा एक पंप असायचा, तो टकटक करत हवा ओढायचा. मॅडम इतरांना सांगायच्या, "४१७ कधी दगा देत नाही." मित्रांनो, कौतुक ऐकून ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. मला वाटायचं, मी सांगेन ते खरं, आणि खरं तेवढं मीच सांगेन.

मग एका हिवाळ्यात धम्मशीलाताईंचा फोन आला. वडनेर भोलजीजवळच्या एका खेड्यात त्या आशाताई म्हणून काम करतात, गावातल्या गरोदर बायकांकडे लक्ष ठेवतात. पाणी तपासणीच्या एका शिबिरात त्यांची मॅडमशी ओळख झाली होती.

"मॅडम, या टायमाले पान्यासाठी नाही, हवेसाठी बोलवून राह्यली," त्या म्हणाल्या. "वंदना म्हणून एक पोरगी हाये, सातवा महिना लागला. माहेरी साखरखेर्ड्याले गेली का चार दिसांत ठणठणीत होते. सासरी आली का डोकं धरते, मळमळते, डोळ्यातून पानी येते. डाक्टरच्या तपासण्या साऱ्या चांगल्या हायेत. आता घरचे म्हनतात, नखरे करते. मले नाही वाटत तसं."

मॅडमनी दिवस ठरवला, तसा निरोप दिला आणि मला पिशवीत घालून निघाल्या.

वंदनाच्या सासूबाई रुखमाबाई दारातच उभ्या होत्या. अंगण शेणाने सारवलेलं, त्यावर रांगोळी. ओसरीवर धुतलेली सतरंजी. आत जावं तर फरशीवर फेनाईलचा वास आणि त्यावर लोबानचा धूर. मॅडम बसायच्या आधीच चहा आला.

"तुमीच सांगा, मॅडम," रुखमाबाई म्हणाल्या. "माहेरी बरी अन् सासरी आजारी, हे कोन्तं दुखनं होये? दीड वर्ष झालं लग्नाले, दीड वर्षापासून हेच चालू हाये. माहा दीपक रातभर हरभऱ्याच्या राखनीले वावरात राह्यते, दिवसा कामाले. त्याचं कधी डोकं नाही दुखलं. आता बायंतपनाले माहेरी जाईन, तं मी तं म्हन्लं, तिकडंच राहू दे मंग. कायले वापस आनता?"

वंदना दाराआड उभी होती. तिचा नवरा दीपक खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत राहिला.

वंदनाची खोली मधली होती. तिथेच तिचा पलंग, तिथेच शिलाई मशीन. गावातल्या बायकांचे ब्लाऊज ती तिथे बसून शिवायची. थंडी आणि धूळ नको म्हणून एरवी दार-खिडकी लावलेली असायची, असं धम्मशीलाताईंनी सांगितलं. त्या दिवशी मात्र दोन्ही सताड उघडी होती. मॅडमनी मला पलंगाच्या उशाशी टांगलं. पंपाने चार तास हवा ओढली, मी ती गाळत राहिले. माझ्या दाण्यांना चिकटलं ते लोबान, फेनाईल, शेण आणि चहातला गवती चहा. दुसरं नावापुरतंच.

मी यंत्राला तेच सांगितलं. कागदावर तेच उमटलं.

बारा दिवसांनी मॅडम जळगाव जामोदला एका कामासाठी निघाल्या होत्या. वाटेत थांबून त्यांनी तो कागद स्वतः नेऊन दिला आणि हवेत काळजी करण्यासारखं काही सापडलं नाही, असं सांगितलं. मी त्यांच्या पिशवीत होते, तापवून कोरी केलेली. मला रुखमाबाईंचा आवाज ऐकू आला.

"आयकलं काय वं? मशिनीनं बी सांगतलं. आता तरी कबूल कर."

मित्रांनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली, आणि कशाची ते कळत नव्हतं. मी तर खोटं बोलले नव्हते.

तेव्हा वंदना पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी हळू होता.

"मॅडम, त्या रोजी माहं डोकं दुखलंच नव्हतं. तुमी आल्ता त्या रोजी अन् त्याच्या दुसऱ्या रोजी. मले वाटलं, आता बरं झालं. मंग तिसऱ्या रोजापासून पुन्हा सुरू."

"डोकं दुखन कसं?" रुखमाबाई तोऱ्यात म्हणाल्या. "पहाटी उठून सारं घर उपसलं होतं म्या. गोधड्या उनात टाकल्या, फळीवरचा पसारा दोन दिस गोठ्यात नेऊन ठेवला, फेनाईल मारलं, लोबान फिरवला. शहरातून मॅडम येनार, अन् घर तसंच दाखवू काय?"

मॅडम निघायला उठल्या होत्या, त्या परत सतरंजीवर बसल्या. मग त्यांनी पिशवीतून मला काढलं.

"काकू, माझीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी सांगून आले. तुम्ही पाहुणचार केलात आणि मी तुमच्या पाहुणचाराची हवा मोजून नेली. आता ही नळी सात दिवस इथे राहू द्या. पंप नाही, आवाज नाही, नुसती टांगलेली राहील. पण सात दिवस घरात वेगळं काही करायचं नाही."

"म्हंजे पसारा तसाच ठेवू?"

"तसाच."

"फळीवरचं बी?"

"सगळं रोज असतं तसंच."

रुखमाबाईंना ते मुळीच आवडलं नाही. पण मॅडम एवढं म्हणतात म्हणून त्या हो म्हणाल्या. माझं एका बाजूचं झाकण काढून तिथे जाळीची टोपी बसवली आणि वंदनाच्या उशाजवळच्या खिळ्याला मला अडकवलं.

पंप नसला की काम फार सावकाश चालतं. हवा आपणहून आत येते, तिला ओढायला कुणी नसतं. दार बंद, खिडकी बंद. वंदना मशीनवर बसायची, दोन ब्लाऊज झाले की कपाळ दाबत पलंगावर टेकायची. आणि पहिल्या दिवसापासून माझ्या दाण्यांना काहीतरी चिकटू लागलं. फेनाईल नव्हे, लोबान नव्हे. मी त्याचं नाव सांगू शकत नव्हते. पण ते वरून, फळीकडून येत होतं आणि थांबत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वंदना न जेवताच झोपली. मला तिला सांगावंसं वाटत होतं, बाई, उठ, बाहेर अंगणात जाऊन बस. पण मला धरता येतं, बोलता येत नाही. माझं बोलणं यंत्रातच व्हायचं. इतकी असहाय मी कधीच झाले नव्हते.

आठव्या दिवशी मॅडमनी मला नेलं, तापवलं, आणि कागदावरची रेघ एका जागी सरळ वर चढली. मॅडमनी लगेच दीपकला फोन करून वंदनाला त्या खोलीत झोपू देऊ नका म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या सकाळी घर गाठलं.

"दीपक, कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारायचं औषध कुठं ठेवता?"

"वरत, फळीवर," दीपक म्हणाला. "उरलेलं राह्यते न, पुढच्या सालाले कामी येते. गोठ्यात ठेवलं तं कोनी उचलून नेते."

मॅडमनी त्याला तोंडाला रुमाल आणि हाताला जाड मोजे घालायला लावून वर चढवलं. गोधड्यांच्या गठ्ठ्यामागे प्लास्टिकच्या पिशवीत पाच बाटल्या निघाल्या. त्यातली एक फार जुनी होती. तिचं झाकण तडकलेलं, आणि खालची गोधडी ओली होऊन वाळलेली. बरोबर वंदनाच्या उशाच्या वर. घरातल्यांच्या नाकाला तो वास इतका सवयीचा झाला होता की कुणालाच तो वास वाटत नव्हता.

मॅडमनी सांगितलं की हे जाळायचं नाही, विहिरीत टाकायचं नाही. घट्ट डब्यात बंद करून कृषी कार्यालयात विचारेपर्यंत घरापासून लांब, कुलपात ठेवायचं. वंदनाला त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना हा कागद दाखवायचा. दीपक गाडी आणायला गेला.

रुखमाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "या बोटभर नळीनं सांगतलं तं साऱ्यायले पटलं. लेकरू दीड वर्षापासून सांगून राह्यलं होतं, तिचं नाही पटलं मले."

वंदना आतून आली आणि सासूच्या शेजारी बसली. रुखमाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो गाडी येईपर्यंत काढला नाही.

वंदनाला मुलगी झाली. साखरखेर्ड्याहून तिला आणायला रुखमाबाई स्वतः गेल्या, हे मला धम्मशीलाताईंच्या फोनवरून कळलं. मधल्या खोलीची खिडकी आता उघडी असते.

त्यानंतर मी फार वर्षं टिकले नाही. तापून तापून माझे दाणे झिजले, त्यांना काही धरवेना. चकचकीत नव्या नळ्यांचा खोका आला आणि मी टेबलाच्या खणात, संपलेल्या पेनांच्या आणि रबरांच्या सोबतीला गेले. धूळ बसली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस मॅडमना शाळांमधून मुलांना हवा कशी तपासतात ते दाखवायचं होतं, आणि त्यांना मी आठवले. म्हणून आज तुमच्या हातात आहे.

मित्रांनो, घरातली औषधं, रंग, रॉकेल झोपायच्या खोलीत ठेवू नका, हे तर मॅडम तुम्हाला सांगतीलच. मी एवढंच सांगते. मला जे कळायला सात दिवस लागले, ते वंदनाला पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि ती सांगतही होती. आता मला शेजारच्याकडे द्या. आणि घरी गेल्यावर कुणी म्हणालं, "मला इथं बरं वाटत नाही," तर नळीची वाट पाहू नका.