दगडाखालचं गवत

मी दुर्बीण बोलतेय, नागपुरातल्या रुपरावजींच्या कपाटातून. त्यांच्या मुलाने, अमोलने, मला सीताबर्डीच्या बाजारातून आणलं. मग पेंचच्या जंगलात चकरा सुरू झाल्या. तिथे सगळ्यांना वाघच हवा! ससा किंवा मुंगूस दिसलं की नाक मुरडून मला खाली ठेवत. मला फार राग यायचा.

यंदा सप्टेंबरात रुपरावजी आणि त्यांच्या पत्नी गोपिकाबाई लडाखला तंबूत राहायला गेले. तिथल्या दगडांत पायका नावाचा गोल कानांचा, बिनशेपटीचा, मुठीएवढा प्राणी राहतो, तो बघायला. एवढ्याशा जिवासाठी एवढा प्रवास! मी हरखून गेले.

संध्याकाळी तंबूतली जमीन गार लागली. गोपिकाबाई कुही गावच्या, भातशेती करणाऱ्या घरच्या. शेतात राखणीला झोपायचं तर खाली तणस, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, अंथरायची, ही त्यांची लहानपणची सवय. जवळच्या कपारीत त्यांना वाळकं गवत दिसलं.

"कोण्या मेंढपाळानं टाकलं असन," म्हणत त्यांनी ते सगळं आणून सतरंजीखाली पसरलं. मी तेव्हा पिशवीत होते. दोघांनाही छान झोप लागली.

सकाळी बाईंनी मला डोळ्यांना लावलं आणि पायका दिसला! तोंडात गवताची जुडी धरून तो कपारीशी आला. आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मग तोंडातली जुडी खाली पडली आणि तो नुसताच उभा राहिला.

मी हादरले. इतकं जवळून मला ते बघायचं नव्हतं.

"अवो, इकडं या! ते गवत याचं व्हतं! हिवाळ्यासाठी जमवून राहिला तो!"

रुपरावजींनी सतरंजीची कड उचलून पाहिली. "म्हणजे आपण त्याच्या कोठीवर झोपलो वं?"

दोघांनी धावतपळत सगळं गवत परत नेऊन ठेवलं. पण रात्रभरात ते ओलसर झालं होतं, चुरगळलं होतं. बऱ्याच वेळाने पायका आला. एकेक काडी ओढून बाहेर उन्हात पसरू लागला. आभाळ भरून येत होतं. तेवढ्यात आमची जीप आली आणि निघावं लागलं.

आता टीव्हीवर बर्फाची बातमी लागली की बाई विचारतात, "त्याचं वाळून झालं असन का जी?" रुपरावजी टीव्ही बंद करतात.

दूरचं दाखवणं हे माझं काम, पण नागपुरातून मला ती कपार दिसत नाही. तुम्ही कधी तिकडे गेलात, तर हात न लावता तेवढी बघून या. आणि दिसेल ते बाईंना येऊन सांगा.