आधी काढून दाव

पूजाची होणारी सासू माझ्या पार्लरमध्ये पहिल्यांदा आली ती चपला दाराबाहेर काढून, पदर घट्ट खोचून, आणि मी तिचं काहीतरी चोरलंय असं तोंड करून. मी चारुलता. सांगलीत विश्रामबागेत माझं पार्लर आहे आणि मी फटकळ आहे, असं गिऱ्हाइकंच मला तोंडावर सांगतात. तरी त्या बाईपुढं मी जीभ आवरून बसले, कारण पूजाचं सगळं तिच्या एका शब्दावर अडलं होतं.

पूजा कुंडलची. माझ्याकडं भुवया करायला शिकायला आली आणि नखांत रुतली. लांब खोटी नखं चिकटवायची तिला हौस नाही. बाईचं स्वतःचं नख, मग ते आखूड का असेना, त्यावर जेल पॉलिश असं बसवायचं की धुणीभांडी करूनही हलू नये, हा तिचा ध्यास. घरी जाताना बसमध्येसुद्धा ही पोरगी शेजारणीची बोटं न्याहाळते. इतका जीव लावून काम करणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही, आणि तिला मी शिकवलं हे मी चारचौघांत मिरवते.

तिचं लग्न ठरलं वाईजवळच्या एका गावात, पृथ्वीराजशी. तो फौजेत आहे. लग्नानंतर वाईत स्वतःचं नखांचं दुकान काढणार, हे तिनं त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि तो आनंदानं हो म्हणाला. पण आईला सांगायची वेळ आली तेव्हा सीमेवर छाती काढून उभा राहणारा हा गडी 'तूच बघ काय ते' म्हणून मोकळा झाला. मग पूजानंच फोन करून होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं, आणि त्या मनुबाई हळदीचा टेम्पो घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात आल्या तशा तिथून थेट माझ्या दारात उभ्या राहिल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या भाचीनं पुण्यात कुठंतरी असली नखं करून घेतली होती. रंग उतरवल्यावर खाली जे नख उरलं ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं. पोरीला कढत चहाचा कप धरवेना. दुसऱ्याच्या पोरींची नखं नासवायचा धंदा आपल्या सुनेनं करू नये, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

"आमच्याकडं हळद पॉलिश करत्यात," त्या म्हणाल्या. "पिपात घालायची आन् गरागरा फिरवायची. घासून घासून साल जाती, तवा हळकुंड चमकतं. पॉलिश म्हंजी साल जानारच की."

मी हसले. हसायला नको होतं, पण आलं हसू. आमच्या पॉलिशमध्ये काही जात नाही, उलट वर थर चढतो, असं मी त्यांना समजावू लागले. मनुबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी उजवा हात पूजापुढं टेबलावर ठेवला.

"माझ्या हाताला लाव. पुढल्या खेपंला यीन तवा माझ्याम्होरं काडून दाव. नख हाय तसं निगालं तर खुशाल दुकान काड. न्हाई तर लग्नाआदीच ह्यो नाद सोड."

त्यांच्या हाताकडं पाहून मात्र माझं हसू आटलं. नखं आखूड, चपटी, उभ्या रेघांनी भरलेली, कडांना मुरलेली हळद. उसाच्या पात्यांनी कापलेल्या जुन्या खुणा बोटाबोटांवर. हा हात सकाळपासून रात्रीपर्यंत पाण्यात, मातीत आणि शेणात असणार, आणि त्याच्यावर माझ्या पूजाचं दुकान उभं राहणार किंवा बुडणार. मला बाईचा राग आला, खरं सांगते.

पार्लरमध्ये आमच्याकडं तीन प्रकारच्या बाटल्या होत्या. एक स्वस्तातली, घाऊक बाजारातून आणलेली. दुसरी मधल्या भावाची, तिचा खालचा थर जरा लवचिक. आणि तिसरी माझी लाडकी, सगळ्यांत महाग, एकदा बसली की दगड. नवऱ्यामुलींना मी तीच लावते. पूजाला आत बोलावून मी सांगितलं की सगळ्या बोटांना महागडीच लाव आणि मोकळी हो. तिनं नकारार्थी मान हलवली. तिला स्वतःलाच कधीपासून कळायला हवं होतं की असल्या कष्टाच्या हातावर काय टिकतं. सासूनं आपणहून हात दिलाय, तर तिन्ही लावून बघणार, म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

निरनिराळे रंग मनुबाईंना चालेनात, होळी खेळायची नव्हती त्यांना. म्हणून तिन्हींत एकच डाळिंबी रंग निवडला. करंगळीला स्वस्त, मधल्या बोटाला आणि अनामिकेला मधल्या भावाची, अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला माझी महागडी. पूजानं प्रत्येक नख हलक्या हातानं पुसलं, थर दिला, सुकायला लॅम्पखाली धरलं, पुन्हा थर दिला. मनुबाई सगळा वेळ तिच्या हातांकडं बघत होत्या, नखांकडं कमीच. जाताना त्यांना एवढंच बजावलं, की सुटू लागलं तरी ओढून काढायचं नाही.

पुढची खेप येईस्तोवर पूजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. सासूबाईंना ती आत्ती म्हणते. फोन करून विचार म्हटलं तर म्हणायची, आत्तींना वाटेल मी पाठीमागं लागलेय. पृथ्वीराजचा फोन आला की त्यालाही सांगायची, आईला काही विचारू नका. उगाच एखादं काम पुन्हा पुन्हा करत राहायची.

मनुबाई तीन आठवड्यांनी आल्या, तेव्हा उरलेली हळद शिजवून, वाळवून झाली होती. हात टेबलावर आला. करंगळी बोडकी होती. तो रंग पहिल्याच आठवड्यात सालपटासारखा आपोआप निघून गेला होता. मधल्या दोन बोटांवर टोकांना टवके उडाले होते, बाकी रंग शाबूत. आणि माझी महागडी? अंगठ्यावर अशी झळकत होती की जणू सकाळी लावली. मी तर विजयी झाले. बघा मावशी, म्हटलं, याला म्हणतात टिकणं.

"टिकलं त्ये दिसतंय," मनुबाई म्हणाल्या. "आता काडा."

पूजानं अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस बोटांवर ठेवला, वरून फॉइल गुंडाळली. थोड्या वेळानं मधल्या बोटांवरचा रंग मऊ पडला आणि लाकडी काडीनं हळूच सरकवल्यावर निघाला. खालचं नख होतं तसंच, रेघांसकट. मनुबाईंनी ते दुसऱ्या हातानं दाबून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं आणि अंगठा पुढं केला.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मात्र ऐकेनात. पुन्हा कापूस, पुन्हा फॉइल, तरी रंग तसाच. मी म्हटलं, त्यात काय एवढं, नेहमीसारखं मशीननं घासून काढू, आणि मशीन हातात घेऊन चालूही केलं. तेवढ्यात पूजानं सासूच्या अंगठ्यावर आपला हात ठेवला.

"ताई, थांबा. मुळाशी बघा."

मुळाशी नवं नख वाढून आलं होतं, आणि ते जात्याच इतकं पातळ होतं की पूजानं बोट टेकवल्यावर लवलं. धडधाकट नखावरून मशीन फिरवताना थोडंबहुत घासलं गेलं तरी चालतं. मी वर्षानुवर्षं तेच करत आलेय. इथं मशीन रंगाला लागलं असतं तेवढंच नखालाही लागलं असतं. मनुबाईंच्या हळदीचं ते पॉलिश माझ्याच हातात भुणभुणत होतं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, कारण पूजा आता काय बोलणार ते मला दिसत होतं. बाई गं, गप बस, मी मनात म्हणत होते. मशीननं हळूच रंग घासून काढला असता तर कुणाला काय कळलं असतं?

पूजा सासूच्या डोळ्यांत बघून बोलली. "आत्ती, हे दोन बोटांवरचं मला काढून दावता यायचं न्हाई. काढायचं तर घासाय लागंल, आन् तुमच्या नखाला मी मशीन लावनार न्हाई. वाढंल तसं कापत जाऊ. कामाच्या हातावर हे मी लावाय नको हुतं."

म्हणजे पोरीनं आपल्याच तोंडानं पैज हरल्याचं सांगितलं, तेही माझ्या सगळ्यांत महाग बाटलीला नावं ठेवून, माझ्याच दुकानात बसून. मी मशीन बंद केलं. माझा राग कुठं गेला कळलं नाही. छाती भरून आली एवढं खरं. मनुबाई अंगठ्यावरच्या डाळिंबी रंगाकडं बघत राहिल्या. पूजानं मान खाली घातली नाही.

"भावकी लय हाय आमची," मनुबाई शेवटी म्हणाल्या. "सून परक्या बायकांची नखं रंगवत बसती म्हनून उंबऱ्यात यिऊन इचारतील. पृथ्वी तिकडं बर्फात. समद्यास्नी मलाच उत्तर द्यावं लागनार. ऐकीव गोष्टीवर मला भांडता येत न्हाई, म्हनून हात दिला हुता."

"पन आत्ती, निगालं न्हाई ना."

"न्हाई निगालं. पन मशीननं नख झिजतं त्ये मला कुटं ठावं हुतं? मशीन फिरवलं असतंस तर मी वा म्हनून उटले असते. तू माज्या नखापाई सोताचं दुकान सोडाय निगालीस. आता येऊ दे भावकी, बगती मी."

पूजा रडतच वाकली. मनुबाईंनी तिला अर्ध्यातच दंडाला धरून उभी केली.

"पाया लग्नात पड. आदी वाईत गाळा बगून ठेव. एकदा सून म्हनून घरात आलीस, की मीच तुला माज्याजवळनं हलू देनार न्हाई."