निळा हात

माझा मेहुणा आमच्याकडेच राहतो, आमचंच खातो आणि माझ्या माशांच्या टाकीतल्या चार पाणबेडकांना नाक मुरडतो. मध्यंतरी त्याने मला एक मासा भेट दिला. आठवड्याभरात टाकीतल्या सगळ्या माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे मला तेव्हाच कळलं.

मासेवाल्या दुकानदाराने निळं औषध दिलं. "याने माशांवरचे परजीवी मरतील," तो म्हणाला, "पण बेडकांची कातडी सगळं शोषून घेते. त्यांना आधी बाहेर काढा."

सकाळी घाईघाईत मी बेडूक बादलीत हलवले, टाकीत औषध ओतलं आणि कामावर गेलो.

संध्याकाळी मेहुण्याने दार उघडलं ते एक हात पाठीमागे लपवून. मी तो ओढून पुढे घेतला. कोपरापर्यंत निळा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बादलीत औषध ओतलंस ना? बेडूक मारलेस ना माझे?"

"भावोजी, आधी बादली तर बघा."

बादलीतलं पाणी स्वच्छ होतं. मी बेडूक मोजले. चारही जिवंत होते.

"सकाळी इथे तीनच होते," तो म्हणाला. "चौथा टाकीत दगडाखाली दडला होता, औषधात. त्याला धरताना ओकारी आली मला."

मी बेडूक पुन्हा एकदा मोजले.

"हात धुऊन ये आधी," मी खेकसलो.

"तीनदा धुतला, भावोजी. जात नाही."