दहाची खूण

गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आत एक जुनी निळी गाडी बॉनेट उघडून उभी, इंजिन चालू, आणि दोन बाजूंना बापलेक.

बाबांचा हात डिस्ट्रिब्युटरवर होता. कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची, ते हा डबा ठरवतो. एका बाजूला जरा फिरवला की ठिणगी लवकर पडते, उलटा फिरवला की उशिरा. नेमकी जागा बाबा आयुष्यभर आवाजावरून शोधत आले. पाच वर्षांपूर्वी त्यांना ऐकू येईनासं झालं; समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. तेव्हापासून हात त्यांचा, कान लेकीचे.

सोमवारी तिला दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं. नोकरीचं असं पत्र आधीही दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा बाबा एवढंच म्हणाले, "जा की. मी शटर कायमचं ओढून घेतो." आणि ती राहिली.

या वेळी तिने टायमिंगचा दिवा आणला होता.

"हे काय पिस्तूल? कुणावर रोखतेस?"

"पुलीवर!" ती ओरडली. "ठिणगीबरोबर दिवा लुकलुकतो. पुलीच्या चाकावरची फिरणारी पांढरी रेघ थांबल्यासारखी दिसते. ती शेजारच्या दहाच्या खुणेसमोर आणायची. कान लागतच नाहीत."

"अस्सं! मग मी चाळीस वर्षं काय झक मारली?"

"बघा तर, बाबा."

एका हातात दिवा धरून त्यांनी दुसऱ्याने डबा हळूहळू फिरवला. रेघ सरकत सरकत दहासमोर येऊन थांबली. इंजिन एकसुरात चालू लागलं. पहिल्याच खेपेला! तिने श्वास सोडला.

बाबा रेघेकडे बघत राहिले. मग त्यांचा अंगठा हळूच हलला. रेघ चारवर घसरली, इंजिन मंदावलं.

"छे, जमत नाही बुवा. या डोळ्यांना काय दिसणार? तूच ऐक आणि सांग."

अंगठा तिने पाहिला होता. 'थोडं पुढे' एवढंच म्हटलं की झालं. मग आजची दुपार रोजच्यासारखी, आणि सोमवारही. गॅरेजच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या.

"लागलं होतं. तुम्ही हलवलंत."

"काय?" बाबांनी कानामागे हात धरला.

इंजिन कुरकुरत राहिलं.

"सांग की गं! गाडी तापतेय."

तिने ओठ घट्ट मिटले. बाबा थोडा वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, मग दिवा उचलून त्यांनी रेघ दहावर आणली. पाना तिच्यापुढे केला. "डब्याचा बोल्ट तरी आवळ."

तिने हात मागे बांधले.

त्यांनी स्वतः आवळला, तर डबा किंचित फिरला. सैल केला, पुन्हा लावला. पुन्हा फिरला. हात पुढे करायचा नाही, एवढंच तिला करायचं होतं, आणि तेच जड जात होतं. चौथ्या खेपेला डबा न हलता बोल्ट बसला.

"बघ एकदा," बाबांनी दिवा पुढे केला.

"तुम्ही बघितलंत ना?"

ओठांवरून त्यांना कळलं. "बघितलं."

रेघ तपासायला ती वाकली नाही.