वाचनयंत्राची किल्ली

नजरेच्या मधोमध डाग वाढत गेला, तेव्हा माझ्या सासूबाईंना सगळ्यात जास्त खटकलं ते माझं वाचून दाखवणं. मी वाचते बरी. पण आईंना एकटीने वाचायची सवय. "वैदेही, एखादं वाक्य आवडलं की मी थांबते. तू पुढे जातेस," त्या म्हणाल्या.

म्हणून वाचनयंत्र आणलं. पान कॅमेऱ्याखाली ठेवायचं, यंत्र ते मोठ्याने वाचतं. बंगाली, हिंदी किंवा इंग्रजीत. मराठी पुस्तक ठेवलं, तर लिपी ओळखीची म्हणून ते हिंदीच्या चालीत वाचत सुटे. आई पानभर ऐकून म्हणाल्या की हे स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाचतं, फक्त फलाट तेवढा सांगत नाही.

इथे बंगालमध्ये, गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे वसाहतीत कालिंदी राहते. ती सॉफ्टवेअर लिहिते. तिने माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान वाचलं, जे कोणी वाचत नाही. यंत्र ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालत होतं; मागितल्यास मूळ प्रोग्रॅम द्यायला कंपनी बांधील होती. तिने मागितला, कंपनीने नीट दिला. कालिंदीने त्यात मराठी आवाज बसवला आणि तिच्या लॅपटॉपवर तो सुरेख चालला. यंत्रात घातल्यावर मात्र यंत्राने कंपनीची डिजिटल सही शोधली. ती नव्हती. ते पुन्हा हिंदीवर आलं. प्रोग्रॅम वाचायला मोकळा, बदलायला मोकळा, पण आमच्या टेबलावरच्या आमच्याच यंत्रात चालवायला बंद.

आम्ही तिघींनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. सौरभ नावाच्या इंजिनिअरने कारण सांगितलं. यंत्र औषधांच्या चिठ्ठ्याही वाचतं. कोणी चुकीचा प्रोग्रॅम घातला आणि अर्ध्या गोळीची एक झाली तर? मी प्रयोगशाळेत काम करते. काही उपकरणं सीलबंद का ठेवतात ते मला कळतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग तो म्हणाला, तुमचा मराठी आवाज पाठवा, तुमच्या यंत्रापुरती आम्ही सही करून देऊ, आठवड्याभरात.

मी हो म्हणणारच होते. आईंनी मला हाताने थांबवलं.

"आणि फूलमणीला संथाळी हवी असेल तर?"

फूलमणी टुडू ही त्यांची डोळ्यांच्या दवाखान्यातली मैत्रीण. तिच्याकडेही हेच यंत्र होतं. त्यांनीही कळवावं, आम्ही विचार करू, असं सौरभ म्हणाला.

"म्हणजे प्रत्येकीने तुमच्या दारात उभं राहायचं," आई म्हणाल्या. "कुलूप असू द्या हो. किल्ली मालकिणीला द्या. प्रोग्रॅम बदललेला असेल तर यंत्राने सुरू होतानाच तसं बजावावं. मग औषधाची चिठ्ठी मी सुनेकडून वाचून घेईन."

कालिंदीने शांतपणे भर घातली. प्रोग्रॅममधल्या आवाजाच्या भागाचा वापरपरवानाही तेच सांगत होता: घरगुती यंत्रात तो वापरला, तर बदललेला प्रोग्रॅम चालवण्याची सोयही द्यावी लागते. ते कलम तिने लगेच मेलने पाठवलं. सौरभने वरच्यांना विचारतो म्हणून फोन ठेवला.

"काकू, मराठी हातात आली होती," कालिंदी म्हणाली. "अजूनही हवं तर यंत्र खोलून मी कुलूप तोडू शकते."

"तोडशील गं. पण फूलमणीच्या शेजारी कालिंदी कुठे राहते?"

त्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या पावसात आईंना पुस्तकं माझ्याच आवाजात ऐकावी लागली. मी मधेमधे थांबून पाहिलं. पण ती मला आवडलेली वाक्यं निघत. तरी त्यांनी कालिंदीला कुलूप तोडायला सांगितलं नाही. मला तर रोज वाटे, सांगावं.

दुर्गापूजेच्या सुट्टीआधी कंपनीचा नवा प्रोग्रॅम सगळ्या यंत्रांसाठी आला. त्यात कुलूप उघडायचा पर्याय होता, मालकाच्या जबाबदारीवर. कालिंदीने मराठी आवाज बसवला, मग फूलमणीला फोन लावून तिच्या भाच्याला सगळं समजावून दिलं. आईंनी बटण स्वतः दाबलं. यातला प्रोग्रॅम कंपनीचा नाही, असं यंत्राने आधी बजावलं, आणि मराठीत पहिलं पान सुरू केलं.

आम्ही दोघी कौतुकाने ऐकत उभ्या होतो. आईंनी यंत्र थांबवलं.

"जा बरं आता. दार ओढून घ्या," त्या म्हणाल्या. "मला वाचायचंय."